घोडीची चिठ्ठी

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, आमच्या गावच्या औषधांच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे म्हातारा ऑर्व्हिल आणि काउंटरपलीकडे औषधवाली लोरेटा.

"माझ्या बायकोचा, इडाचा, दम्याचा पंप दे गं. ती बघ, गाडीत बसून धापा टाकतेय."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"तिची मुदत संपली. डॉक्टर म्हणे दीड महिन्याने भेटणार."

"मग नाही देता येत, काका. कायदा आहे."

"आणि दारावर पाटी कसली? 'आयव्हरमेक्टिन, चिठ्ठीशिवाय मिळेल'?"

"तोही कायदाच. नवाकोरा, विधानसभेतून आलेला."

"जंतांचं औषध ना ते? त्याने दमा जातो?"

"छे!"

"मग लोक कशासाठी नेतात?"

"करोना, कॅन्सर, गुडघेदुखी. परवा एका बाईने जावयाच्या स्वभावासाठी नेलं."

"आणि जंतांसाठी?"

"अजून तरी कोणी नाही."

"मग मला दे. आमच्या क्लेमीला खरंच जंत झालेत."

"क्लेमी म्हणजे तुमची घोडी ना?"

"हो. पेंडीच्या दुकानातलं घोड्यांचं औषध माणसांनीच संपवलं."

"घोडीला हवं तर चिठ्ठी लागेल. गुरांच्या डॉक्टरची."

"माणसाला नको आणि घोडीला हवी?"

"स्वातंत्र्य माणसांना दिलंय, काका. घोड्यांना नाही."

"असू दे. गुरांचा डॉक्टर उद्या सकाळीच घरी येतोय."

"मग झालं की काम!"

"झालंच. इडालाही त्यालाच दाखवतो. पंपाची चिठ्ठी त्याने लिहिली तर चालेल ना?"