आबांच्या कानातली पेटी

हॅलो?… हां रिया, बोल… हो, मिळाला तुझा साउंडचा मिक्सर. सकाळीच कट्ट्याच्या स्टँडवर जाऊन एसटीतून उतरवून घेतला… नाही गं, कुठं आपटला नाही. कंडक्टरनं लेकरासारखा आणला… हो, पडवीत मांडून बसलेय. आबा पण बसलेत… बाजाची पेटी समोर आहे, पण झाकण बंद. थांब, त्यांना सांगते तुझा फोन आहे म्हणून.

आबा, रिया आसा फोनवर. रिया. माझी मामेभैण, मामाचा चेडू.

… नाही, नाही ऐकू आलं. हसले नुसते.

अगं ऐक ना, तू आंबे खायला आली होतीस तेव्हा तुला सगळं सांगितलं नव्हतं मी. पेटी उगाच नाही बंद केली त्यांनी… नाही, हात दुखतात ते खोटं. देवळात भजन होतं. गजर संपला, पखवाज थांबला, आणि ह्या माझ्या सासऱ्यांची पेटी चालूच. थांबलेलं त्यांना कळलंच नाही. मागं बसलेली पोरं हसली… हो ना. घरी आले, पेटी खोलीत ठेवली, ती ठेवलीच. भजनाच्या बुवांनी दोनदा निरोप धाडला, गेले नाहीत… कानाचं मशीन आहे की. पण त्यात पखवाज नुसता डोक्यात आदळतो म्हणतात, पेटी येतच नाही… तेच तर. तू मिक्सरमधून हेडफोनवर ऐकवू म्हणालीस तेव्हापासून मनात धरून बसले होते मी. आज त्यांना सांगितलं तर हो पण म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. येऊन बसले मात्र.

बरं, सांग आता. पखवाजाला महादूकाकांना बोलावून घेतलंय, ते तयार आहेत.

पहिल्या नंबरात पेटीचा माईक… बसला, टक् वाजलं. दुसऱ्यात पखवाजाचा… बसला. तंबोरा मोबाईलवरचा आहे, तो तिसऱ्यात लावू?… का नको?… असं होय, मोबाईलचा आवाज आधीच मोठा येतो. मग लाइन लिहिलंय त्या भोकात… हां, गेला. आता सगळं शून्यावर… केलं. हेडफोनचं बटण पण, एकदम बंद… हो गं, त्यांचे कान आहेत, मला काळजी नाही का?

आता त्यांना वाजवायला सांगू?… आबा, वाजवा. पेटी. वाजवा.

… झाकण उघडलं, रिया.

… वाजवतायत, पण अगदी हळू… खऱ्या भजनात वाजवतात तेवढं हवं? आबा, जोरान. देवळातल्यासारखी… हां, आता. गेन म्हणजे सगळ्यात वरचं बटण ना? फिरवते… हिरवा दिवा… अजून?… पिवळा… लाल लुकलुकला. मागं घेऊ?… घेतलं. आता लाल नाही लागत. एवढंच?… बरं.

महादूकाका, आता तुमचो पकवाज… बापरे, थाप पडली की लाल. खाली, खाली… हो, पेटीच्या निम्म्यावर पण नाही गेन… तंबोरा ठीक. आवाजाची सरकवायची ती तिन्ही बटणं वर घेतली, शेवटचं मोठं पण घेतलं. लावते हेडफोन.

… मान हलवतायत. काही नाही म्हणतात… अगं दिवे लागतायत की सगळे. रिया, काढायला लागले ते. 'रवांदे गो, कानच गेले, मशीन काय करतला' म्हणतात… आबा, वायच थांबा. माझ्यासाठी, वायच… काय? कुठलं बटण?… हेडफोनचं. अगं, ते तर मीच बंद ठेवलंय. थांब, हळूहळू वाढवते… अजून थोडं…

रिया.

… बोलू नको जरा.

… एकच पट्टी दाबून धरलीय त्यांनी. दुसऱ्या हातानं भाता चालूय आणि डोळे मिटलेत… हो. हो, ऐकू येतंय. येतंय गं.

… आता महादूकाकांना खूण केली… काय म्हणाले सांगू? 'महादू, तुझो पकवाज उतरलो मरे. चढव आधी.' … अगं हसतेस काय, महादूकाका हातोडीनं ठोकतायत आणि उपरण्यानं डोळे पुसतायत. म्हणतात, लवूदादान किती दिसांनी माझी चूक काढल्यान.

… सुरू झालं बघ. फोन पुढं धरते, ऐक.

ऐकलंस?… हो, आता थांबलेत, भात्यात काहीतरी बघतायत. रिया, तुझे आभार… गप्प बस, ऐकून घे. स्वतःचा मिक्सर पाठवलास तू. आबांना ऐकू जात नाही म्हणून बोलते, नाहीतर त्यांच्यासमोर नसते बोलले. माझे बाबा गेले तेव्हा आठवतं तुला? सगळे येऊन काही ना काही बोलून गेले. आबांना बोलता येत नाही असलं काही. मालवणातून एसटीनं पेटी घेऊन माझ्या माहेरी आले… हो, दार तूच उघडलं होतंस. बाबांच्या आवडीचं ते भजन वाजवलं, आईच्या पाया पडले आणि जेवून परत गेले. त्या माणसाची पेटी बंद झाली आणि मी नुसतं ताट वाढत राहिले, असं वाटायचं मला रोज. आज तू…

काय आबा?… काय म्हणालात?

… अगं रिया, पेटीचा माईक माझ्याच तोंडाशी आहे. मी बोलतेय ते सगळं त्यांच्या कानात… हो ना, पहिल्यापासून…

होय आबा. होय, कळला माका. ठेवतंय.

… काय म्हणाले? म्हणाले, 'अनुजा, तुझ्या बापाशीचा भजन घेतंय, आता गप बस.'

ठेवते, रिया.