घरट्यातलं धाकटं पिल्लू

दवाखान्यात नंबर येईपर्यंत भूमिती उरकायची, असं दहावीतल्या बबडीने ठरवलं होतं खरं! पण शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी काकूंना मोबाइलवर गरुडाचं घरटं लावून दिलं, आणि भूमिती गेली उडत.

"अहो, हे आत्ताचं आहे ना?"

"आत्ताचंच. झाडावर कॅमेराच बसवलाय."

"मग नराने पुन्हा शेपूट तुटलेलाच मासा कसा आणला?"

"मासे काय, सगळे सारखेच."

"मला शिकवू नका, रोज बघते मी. आता थोरलं धाकट्याला चोच मारेल. बघा, मारली! कालचं लावलंय तुम्ही."

"अगं, नेट चालत नव्हतं."

"माझ्याकडे बघून बोला. धाकटं गेलं ना?"

"सकाळीच गेलं. म्हटलं, आज तुला नको सांगायला."

"आज काय एवढं?"

"कुठे काय? डॉक्टरांना भेटायचं, झालं."

"काल रिपोर्ट आणलात, तेव्हा सगळं ठीक आहे म्हणालात."

"म्हणालो ना."

"मग आज मला कशाला आणलंत इथे?"

काकांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.