पित्रांची आमटी

माझ्याच स्वयंपाकघरात बसून कुणी म्हणालं, मिरची आपली नाही, तर मी ऐकून घेईन का? पण त्या दिवशी ऐकावं लागलं.

शेजारणीची भाची कुठला पदार्थ कुठून आला यावर पुस्तक लिहितेय. ती चितेगावला आमच्याकडं आली ती नेमकी पित्रांच्या दिवशी. येऊन बसली न बसली तोच म्हणते, "मावशी, मिरची परदेशी लोकांनी जहाजातून आणली. त्याआधी आपल्याकडं तिखटाला मिरीच होती."

"काय बी सांगू नको. मिरचीबिगर येसराचा मसाला व्हतो का? पुरावा दाव, नाय तर ऊठ इथनं."

"पुस्तकांत आहे की."

"पुस्तकाला आमटी येती का करायला?"

पोरगी गॅसकडं बघून म्हणाली, "आमटीची पातेली दोन का?"

"ही आपली, ती पित्रांची. तिच्यात मिरी. पित्रांना मिरची चालत नाय, सासूबाईंनी घालून दिलंय."

"का चालत नाही?"

मी मिरीच्या पातेल्याकडं बघितलं. जुन्या पित्रांनी मिरची बघितलीच नव्हती की! पुरावा माझ्याच गॅसवर उकळत होता. आम्ही दोघी फुगडी घालायच्या तेवढ्या राहिलो.

"मावशी, तुमचं नाव टाकते पुस्तकात."

"माझं नको, सासूबाईंचं टाक. मी तर दरवर्षी त्यांची नजर चुकवून पित्रांच्या आमटीत दोन मिरच्या सोडायचे. आता सासूबाई स्वतःच पित्रांत जाऊन बसल्यात, म्हणून हिंमत व्हत नाय."