मंत्री स्वयंपाकघरात शिरले तो फोटो

नाही नाही, चुकतेयस तू सारुल, हा मंत्री नव्हे — हा आमचा शिबिरप्रमुख सोदनोम. पोट बघून फसलीस ना? सगळे फसायचे. मंत्री तो, बारीक, टोपीवाला, दुधाची चांदीची वाटी हातात धरलेला. आणि वाटी देणारी हांदसुरेन — लिही, हांदसुरेन — देखणी म्हणून पुढं ठेवलेली. मी? मी ही काय, मागच्या रांगेत, अर्धं तोंड ढोलामागं गेलंय ती. बारा वर्षांची होते. तुम्हा अभिलेखागारवाल्यांचं बरं असतं बाई, पांढरे हातमोजे घालून फोटो धरायचे! आमच्या हाताला त्या उन्हाळ्यात काय लागलं विचार — चुना! साहेब उलानबातरहून येणार म्हणून रस्त्याकडेचे दगड रंगवले. गाणारी, नाचणारी, चित्रं काढणारी, देशभरातनं निवडून आणलेली पोरं, आणि सगळी दगड रंगवतायत. एक बकरी मध्ये कडमडली, तीही रंगवली. हसतेस काय, ह्या फोटोत डाव्या कोपऱ्यात बघ — आहे की नाही अर्धी पांढरी? चहा घे, गार होतोय. चहात मीठ कमी वाटलं तर सांग.

आता हा. खाली काय छापलंय? ‘मंत्रिमहोदय बालकलाकारांना मार्गदर्शन करताना.’ मार्गदर्शन! अगं, तो माणूस रडतोय. नीट बघ, रुमाल आहे हातात. म्हणजे झालं असं — गाणार होती हांदसुरेन. कारखान्यावरचं गाणं, धुराड्यांचं, महिनाभर घोकलेलं. पण साहेबांसाठी बर्फात घालून आइस्क्रीम आणलं होतं, त्यातलं बरंचसं ह्या हांदसुरेन बाईसाहेबांनी आदल्या दिवशीच गट्ट केलं — सकाळी घसा बंद! नुसती मांजरीसारखी खरखर. सोदनोम घामानं ओला, धावत आला आणि ढोलामागनं माझी मानगूट धरली. ‘दुलमे, तुला येतं ना ते?’ मला येत होतं. पहिली दोन कडवी येत होती. तिसऱ्याला धुराडी आली आणि पुढं काही येईना. समोर मंत्री, मंत्र्यांच्या मागं कोटवाले, कुणी खोकेसुद्धा ना. आणि माझ्या तोंडातनं काय निघालं सांगू? मेंढीचं गाणं! तोइग, तोइग, तोइग... मेंढी कोकराला पाजेनाशी झाली की बाया तिच्या कानाशी म्हणतात ना, ते. धुराडी राहिली बाजूला, मी आपली मंत्र्याला पान्हा फोडतेय! सोदनोमचं तोंड बघायला हवं होतंस, पिठात बुडवून काढल्यासारखं. आणि मी थांबेना, कारण थांबले तर मार बसेल असं वाटत होतं. आणि बघते तर साहेबांनी टोपी काढलीय, रुमाल शोधतायत.

कुठनं शिकले? तेच तर त्यांनी विचारलं. सगळ्यांसमोर. ‘कुणी शिकवलं तुला, बेटा?’ मी म्हटलं, आचाऱ्यानं. खरंच होतं. गोंबो आचारी दूध ढवळताना गुणगुणायचा, मी बटाटे सोलायच्या निमित्तानं तिथं पडीक असायचे. का म्हणजे? भूक लागायची, दुसरं काय! तर साहेब उठले आणि सरळ स्वयंपाकघराकडं. मागनं सोदनोम, कोटवाले, फोटोवाला, सगळी वरात. सोदनोम रडकुंडीला आला होता — कारण गोंबो तुरुंगात जाऊन आलेला. धर्माच्या पोथ्यांना तेव्हा बंदी, त्या लपवल्या म्हणून आठ वर्षं. त्याला सोदनोमनं गुपचूप कामावर ठेवलेला, साहेब येतील तेव्हा चुलीमागं राहा म्हणून बजावलेला. आणि साहेब चुलीशीच! हा बघ तो फोटो. फोटोवाल्याला काढू नको म्हणाले होते, तरी काढलान लेकानं. गोंबोच्या हाताला पीठ, साहेबांच्या हातात मटण भरून तळलेली गरम खूशूर, चरबीचा ओघळ पार पदकापर्यंत गेलाय. ‘कुठल्या खोऱ्यातले तुम्ही?’ साहेबांनी विचारलं. ‘माझी आई त्या गाण्याचा शेवट अस्साच खाली आणायची.’ मग दोघं मेंढ्यांचंच बोलत बसले. गवत कसं, लांडगे किती. मी दाराशी. मला वाटलं, सुटलो आपण. आणि साहेबांनी विचारलं, आपल्यात विचारतात तसंच, ‘मुलंबाळं किती?’ तर बाबा म्हणाले —

आचारी. आचारी म्हणाला, ‘एकही नाही.’

... अशी बघू नकोस माझ्याकडं. हो, बाबाच. आईनं कागदावर सोडलं होतं त्यांना, मला आपलं नाव लावलं, तेव्हा कुठं माझी शिबिरासाठी निवड झाली. सगळा उन्हाळा त्यांना आचारीकाका म्हणायचं असं ठरलं होतं आमचं. मला गंमत वाटायची त्याची, खरंच! पण ते ‘एकही नाही’ काही ठरलं नव्हतं. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग दाराकडं माझ्याकडं बघितलं — आमचे दोघांचे कान बघ ना, आंधळ्यालाही कळेल! — आणि दुसरी खूशूर घेतली. जाताना सोदनोमला म्हणाले, ही मुलगी संगीतशाळेत गेली पाहिजे. गेले की मी. चाळीस वर्षं गायले. बाबा तिथंच रांधत राहिले.

एकदा मी भांडले त्यांच्याशी, मोठी झाल्यावर. म्हटलं, एक होती, मेली, असं तरी सांगायचं होतंत. निदान मी कधी होते, एवढं तरी झालं असतं. तर म्हणाले, ‘ते मनात आलं होतं माझ्या. पण जिभेवर येईना गं.’

खाली काय लिहायचं? लिही... नाही, थांब. हो, लिही — गोंबो, दुलमाचे वडील. आता कोण येतंय विचारायला! उचल तुझे फोटो. उचल म्हणते ना. आणि जाताना दार नीट ओढून घे, वारा येतो.