कंसातले चार

(पेपरच्या कचेरीत.)

सिस्टर : मला बसायचं नाही. आधी हे वाचा. मोठ्यानं वाचा.

उपसंपादक : "महिला फुटबॉल, उपांत्य सामना. बंदर एक, कंसात तीन. डाक एक, कंसात चार..."

सिस्टर : त्याच्या खालची ओळ.

उपसंपादक : "गोल. बंदर : २३ मि., स्व...." हं. हे आडनाव—

सिस्टर : माझ्या मुलीचं आहे. आणि माझी मुलगी आत्ता घरी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलीय. जिवंत आहे. ठणठणीत आहे. तिच्या नावाआधी 'स्व.' लावायला तुम्हाला सांगितलं कुणी?

उपसंपादक : अरे देवा.

सिस्टर : मी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे. सकाळी ड्युटीवर पाऊल टाकलं, तर आया माझा हात धरून रडायला लागली. "सिस्टर, तरणीताठी पोर गेली आणि तुम्ही कामावर?" मी म्हटलं, कुणाची पोर? तर तिनं तुमचं हे पान पुढं केलं. तीस खाटांच्या वॉर्डात एक जण धाय मोकलून रडायला लागली की काय होतं, माहितीय? सगळी बाळं सुरू होतात.

उपसंपादक : चूक माझीच आहे, सिस्टर. खेळाचं पान मीच लावतो. पण ते 'स्वर्गीय' नाही. स्वयंगोल. नाव संपल्यावर कंसात लिहायचं असतं. कॉलम अरुंद पडला, म्हणून मी ते ओढून पुढं घेतलं.

सिस्टर : स्वयंगोल म्हणजे स्वतः केलेला? मग चांगलंच की. बाकीच्या काय दुसऱ्याकडून करून घेतात?

उपसंपादक : बसा ना जरा.

सिस्टर : नातेवाइकांना मी असं "बसा ना" म्हणते तेव्हा बातमी चांगली नसते. सांगा.

उपसंपादक : तिचा पाय लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. गोल समोरच्यांना मिळाला, म्हणून नाव त्यांच्या बाजूला छापलं.

सिस्टर : समोरचे म्हणजे बंदरवाले. आणि ही डाकची. टपाल खात्यात कामाला आहे ती, पत्रं गावागावांप्रमाणे छाटायला... तरीच.

उपसंपादक : तरीच काय?

सिस्टर : काल संध्याकाळी आली, बूट पिशवीत कोंबले आणि माळ्यावर भिरकावले. "जिंकलो," म्हणाली. बस. जिंकलेलं माणूस असं बोलतं होय? आणि आज सकाळी म्हणते, रविवारी फायनल खेळणार नाही, संध्याकाळी कोचना कळवते. का, म्हणून विचारलं, तर भिंतीकडे तोंड.

उपसंपादक : त्या गोलाचा व्हिडिओ फिरतोय फोनवर. पंधरा सेकंदांचा. सगळे तेवढंच बघतायत.

सिस्टर : पण जिंकल्या कशा मग? एक आणि एक, बरोबरीच झाली की. आणि हे कंसातलं काय? आमच्या केसपेपरवर कंसात लिहितो ते जुनं, आधीचं.

उपसंपादक : इथं उलटं. कंसातलं नंतरचं. हे बघा, पहिलं नाव यजमानांचं. सामना बंदराच्या मैदानावर होता, म्हणून बंदर आधी.

सिस्टर : जिंकला तो आधी नाही?

उपसंपादक : ज्याचं मैदान तो आधी. जिंको नाहीतर हरो.

सिस्टर : जुळ्यांसारखं. आधी आलं ते पहिलं, मग वजन काही का असेना.

उपसंपादक : अगदी! मग ही मधली रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना नव्वद मिनिटांतले गोल. एक, एक. पण उपांत्य सामना म्हटल्यावर कुणीतरी एकानंच पुढं जायचं. म्हणून पेनल्टी किक, दोघांना पाच पाच. समोर फक्त गोलरक्षक आणि मारणारी. ते गोल मूळ आकड्यात मिसळायचे नाहीत, कंसात लिहायचे. बंदर तीन, डाक चार.

सिस्टर : म्हणजे एक आणि चार पाच नाहीत.

उपसंपादक : नाहीत. सामना एक-एकच राहतो. पुढं कोण गेलं ते कंस सांगतो.

सिस्टर : आणि २३ मि. म्हणजे तेविसावं मिनिट, हे मला कळतं. बाळ रडलं की आम्ही आधी घड्याळ बघतो, मग बाळ... मग डाकचा गोल इथं, अठ्ठ्याऐंशीला. हे नाव दुसऱ्या मुलीचं. म्हणजे मधली पासष्ट मिनिटं माझी पोर ते ओझं डोक्यावर घेऊन पळत होती?

उपसंपादक : हो.

सिस्टर : तुम्ही होतात तिथं?

उपसंपादक : होतो. आणि तीस वर्षं सामने बघतोय, म्हणून सांगतो. उजवीकडून चेंडू आला. गोलरक्षक पुढं धावून चुकली होती. बंदराची पोरगी जाळ्यासमोर मोकळी, नुसता पाय लावायचा बाकी. तुमची मागून जीव तोडून आली आणि आडवी पडली. चेंडू तिच्या नडगीला लागून आत. ती आली नसती तरी गोल ठरलेलाच होता. नाव तेवढं दुसरीचं लागलं असतं.

सिस्टर : मग हिचा दोष काय?

उपसंपादक : दोष कुणी म्हटला? नोंद आहे ती. पण लोक हसले. तिच्याच बाजूचे हसले. असं झालं ना, की भलेभले गडी लपतात, सिस्टर. चेंडू आला की ब्याद टळो म्हणून दुसऱ्याकडे ढकलतात. ही हात वर करून मागत होती. "मला दे, मला दे!" ओरडून ओरडून घसा बसला असेल.

सिस्टर : बसलाय. मला वाटलं सर्दी. आल्याआल्या वाफ दिली मी.

उपसंपादक : अठ्ठ्याऐंशीला गोल झाला ना, तो चेंडू अर्धं मैदान पळत तिनं आणून दिला. बचावातली मुलगी. शेवटच्या मिनिटांना, पाय उचलत नसताना.

सिस्टर : ते कुठं लिहिलंय?

उपसंपादक : लिहीत नाही आम्ही. मारणारीचं नाव छापतो, देणारीचं नाही. जागाच चार ओळींची.

सिस्टर : कळलं. दिवसभर कळा मोजणार आम्ही, कागदावर सही डॉक्टरांची.

उपसंपादक : आता खरं ऐका. पेनल्टीची वेळ आली. पहिली किक कुणी घ्यायची? सगळ्या आपापल्या बुटांकडे बघतायत. तुमची मुलगी चालत गेली, चेंडू ठेवला, चार पावलं मागं आली आणि असा कोपऱ्यात बसवला, की मी खुर्ची सोडून टाळ्या वाजवल्या. पत्रकारानं वाजवायच्या नसतात. शेजारचा माझ्याकडे बघायला लागला.

सिस्टर : म्हणजे ह्या कंसातल्या चारांमधला...

उपसंपादक : पहिला तिचा.

सिस्टर : ...पाणी मिळेल का हो?

उपसंपादक : घ्या ना. उद्या मी ठळक दुरुस्ती छापतो.

सिस्टर : काय छापणार? 'सदर मुलगी हयात आहे'? राहू द्या. हे पान मात्र आणखी एक द्या. आयानं रडून रडून ह्याचा लगदा केलाय.

(दुपारी, सिस्टरच्या घरी.)

सिस्टर : ऊठ. पांघरूण काढ. एक आणि चार किती?

मुलगी : आई, काय चाललंय तुझं?

सिस्टर : किती?

मुलगी : पाच.

सिस्टर : चूक. एक, कंसात चार.

मुलगी : ...कुणी सांगितलं तुला?

सिस्टर : पेपरच्या कचेरीत जाऊन आले.

मुलगी : कशाला गेलीस तिथं! झालं, म्हणजे तुलाही कळलं.

सिस्टर : तेविसावं मिनिट कळलं. अठ्ठ्याऐंशीवं कळलं. पहिली किक कुणी घेतली तेही कळलं. घरात ते का नाही सांगितलंस?

मुलगी : काय सांगू? ते कुणाला हवंय? आमच्या छाटणीच्या ग्रुपवर एकानं लिहिलंय, हिच्या हातात पत्र देऊ नका, पाठवणाऱ्यालाच परत जाईल.

सिस्टर : (तोंडावर हात धरून) हं.

मुलगी : तू हसतेयस!

सिस्टर : नाही गं... हो, हसले. मेल्याला विनोद जमलाय.

मुलगी : आई!

सिस्टर : बरं, ऐक. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन बाळांच्या मनगटाच्या पट्ट्या अदलाबदल केल्या होत्या.

मुलगी : काय?

सिस्टर : दहा मिनिटं. माझ्याच ध्यानात आलं, मीच जाऊन मोठ्या सिस्टरना सांगितलं. काही बिघडलं नाही. पण अख्ख्या वॉर्डानं माझ्याकडे असं बघितलं, की धरणी दुभंगेल तर बरं. हे तुझ्या बाबांनासुद्धा मी कधी बोलले नाही.

मुलगी : मग? नोकरी सोडावीशी वाटली?

सिस्टर : वाटली. सोडली नाही. पण महिनाभर एकाही बाळाला पट्टी बांधायला पुढं झाले नाही. मागं उभी राहून कापसाचे बोळे करत बसले. एक महिना! आणि तू त्याच मैदानावर, त्याच लोकांसमोर, त्याच संध्याकाळी पुढं झालीस. कुठून आणलंस हे? माझ्याकडून तर नाही.

मुलगी : ...सगळ्या खाली बघत होत्या गं. कुणीतरी जायला हवं होतं.

सिस्टर : तेच म्हणतेय मी. रविवारचं तुझं तू ठरव. मी आग्रह करणार नाही. पण नाही म्हणायचंच असेल, तर त्या पंधरा सेकंदांपायी म्हणू नकोस. उरलेल्या नव्वद मिनिटांना विचार.

मुलगी : आणि तू? बावीस जणींना बावीस चेंडू घेऊन द्या म्हणजे भांडण मिटेल, असं म्हणायचीस.

सिस्टर : म्हणायचे. तेव्हा मला वाचता येत नव्हतं.

मुलगी : ...ते स्टूल दे इकडे. माळ्यावर हात पोचत नाही.

(रविवारी संध्याकाळी, फोनवर.)

उपसंपादक : हॅलो, क्रीडा विभाग.

सिस्टर : सिस्टर बोलतेय. फायनल लिहून घ्या.

उपसंपादक : अहो, आमचा वार्ताहर आहे की तिथं.

सिस्टर : तो बक्षीस देणाऱ्या साहेबांचे फोटो काढतोय. तुम्ही लिहा. डाक आधी, मैदान आमचं होतं. डाक शून्य, रेघ, विमानतळ एक. कंस नाही.

उपसंपादक : अरेरे. हरलात म्हणजे.

सिस्टर : हरलो. गोल विमानतळचा, एकाहत्तरावं मिनिट. दहा नंबरच्या मुलीनं मारला. नाव विचारून घेतलंय, सांगते, आणि त्याच्याआधी काही लावू नका.

उपसंपादक : नाही लावत. आणि तुमच्या मुलीचं?

सिस्टर : तिचं नाव येत नाही कुठं. दोनदा चेंडू रेषेवरून बाहेर काढला तिनं. एकदा डोक्यानं, एकदा पडून. म्हणजे तो एक खरा तीन होता. ते लिहायला काही खूण असते का हो तुमच्यात?

उपसंपादक : नसते, सिस्टर. एक म्हणजे एकच.

सिस्टर : असू दे. मी पाहिलंय.

उपसंपादक : रडतेय का फार?

सिस्टर : रडली मघाशी. आता गवतात बसून त्या दहा नंबरवालीला पायानं काहीतरी करून दाखवतेय, आणि ती हिला. थांबा, हाक मारतेय मला... भूक लागलीय म्हणते. ठेवते.