सुट्टीतला भोंगा

हसू नका राव, पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा मी चिंचवडला एका कंपनीत कायमचा फर्स्ट शिफ्टला. सुट्टी काढून मी आणि बायको, मंदा, सायकलींवर तंबू बांधून कोल्हापूरला निघालो. तिची अट एकच, "वाटेत कंपनीचं नाव काढलंत तर मी परत फिरेन."

कऱ्हाडच्या पुढं एका साखर कारखान्याजवळ मुक्काम केला. पहाटे भोंगा झाला. मी झोपेतच सायकल काढली आणि थेट गेटवर रांगेत उभा राहिलो. वॉचमननं कार्ड मागितलं, तेव्हा कुठं जाग आली.

आता मंदाला काय सांगायचं, म्हणत मागं वळलो. तर समोरून मंदाच सायकल हाणत आली, हँडलला डबा लटकवून.

"अहो, डबा राहिला."