मामाच्या पेटीतली चरखी

आमी भोई, कळमनुरीच्या अंगाला कयाधूच्या काठावरचे. बाप माझा डावखुरा, जेवण सोडून समदं डाव्या हातानं करायचा, असं आई सांगायची. मला न्हाई आठवत, मी दीडेक वर्साची असंल तवा तो हैदराबादकडं गेला, कुण्या सायबाच्या तळ्यावर कामाला. पुन्हा चिठ्ठी न्हाई का निरोप न्हाई. तीन-चार वर्सांनी मामा खबर घेऊन आला, म्हणे त्यानं तिकडं दुसरी केली, तू आता वाट पाहू नको. आई मामाच्याच घरी राहिली, जाळी विणत. काय सांगू तुमाला, तिच्या हातच्या जाळ्याला पंचक्रोशीत तोड नव्हती, मामाचं घर चाललं ते तिच्या बोटांवर. पर मामानं मला कडेवर वागवलं, लगीन लावून दिलं, हे बी खरं, खोटं काहून बोलू.

रझाकाराची धामधूम निवली त्याच साली मामा तापानं गेला. दहावा झाल्यावर मामीनं पेटीतून एक चरखी काढली, गळाची दोरी गुंडाळायची, सागवानाची, हातानं कोरलेली. म्हणली, तुझ्या मामाची निशाणी, ने.

चरखी जाम झालती, फिरंना, म्हणून बाजारच्या दिशी कळमनुरीला सुताराकडं नेली. म्हातारा उलटीपालटी करून पाहून राहिला अन् म्हणतो, ही तुझ्याकडं कशी? हे दांडकं मीच बसवलं, बाभळीचं, बराबर डाव्या अंगाला, एका डावखुऱ्या भोयाला. हैदराबादहून घराकडं निघालता, लेकीला दाखवाया सोता कोरलेली चरखी, वाटेत दांडकं मोडलं. दुसऱ्या दिशी रडतच माघारी आला. म्हणे नदीवरच मेव्हणा भेटला, बायकोनं दुसऱ्याशी पाट लावला म्हणला. आता भोयांत पाट लावलेल्या बाईच्या दारात पयल्या नवऱ्यानं पाय ठेवू न्हाई, तर त्यानं चरखी मेव्हण्याकडंच दिली, लेकीला द्या म्हणून, अन् गेला. तूच का ती लेक, म्हातारा इचारतो, तुझा दुसरा बाप बरा हाय ना?

चरखी उचलून मी तशीच घरच्या वाटंला लागले. माय माझी, जलमभर त्या एकाच्याच नावाचं कुंकू लावलं तिनं! जाळी विणणारे हात जातील म्हणून सख्ख्या भावानं बहिणीचा संसार मोडला, अन् तिच्याच हातचं बसून खाल्लं. जाब कुणाला इचारू, त्याची तर राख बी नदीत गेली. ज्यानं कडेवर घेतलं त्याला शिव्या द्यायला बी तोंड उघडंना.

तीन दिस गिळलं, मंग आईला सांगितलं. तिनं चरखी हातात घेतली, दांडक्यावरून बोट फिरवलं अन् म्हणली, वाळला व्हता का गं तो? सुताराला इचारलंस का? म्या इचारलं नव्हतं. मंग ती उठली, अर्धं विणलेलं जाळं तिथंच टाकून माझ्या घरी आली, पुन्हा जाळ्याला शिवली न्हाई. बापासाठी दोनदा माणूस धाडला, ठाव लागला न्हाई.

आता आई बी न्हाई. राग अजून बी येतो, मग भाकर गोड लागत न्हाई त्या दिशी. तुमाला बहीण हाय म्हणता? देव तिला औक्ष देवो, अन् तुमाला तिच्याशी खरं बोलायची बुद्धी देवो.